कोंडू जाळीचे सात दावे

"आई, परत एकदा म्हण. ट्रकवर काय होतं?"

"थर्माकोल."

"असं नको म्हणूस गं. पोलिसांनी पकडून आणल्यासारखं म्हणतेस. सहज म्हण. बोलता बोलता म्हण."

वनिताने सहज म्हणून पाहिलं, बोलता बोलता म्हणून पाहिलं, साडीला इस्त्री करता करता म्हणून पाहिलं... पण तो शब्द तिच्या तोंडातून निघताना दर वेळी उंबऱ्याला ठेच लागल्यासारखा अडखळत होता. आणि नवल कसलं? भिवंडीतल्या टेमघरच्या बुद्ध विहारात बावीस वर्षं दर रविवारी वस्तीतल्या पोरांकडून पंचशील म्हणून घेणारी ती बाई! त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. पोरं बाकीची चार गडबडीत उरकत, पण चौथं आलं की वनितामावशीकडे बघून सावकाश म्हणत, कारण आदल्या आठवड्यात कोण कुठे काय खोटं बोललं याची मावशीला हटकून खबर असे.

आज त्याच मावशीला तिचा पोटचा मुलगा खोटं बोलायची उजळणी करून घेत होता. साडेदहाला मुंबईत पेटंट कार्यालयात हजर व्हायचं होतं.

"अवो, तुम्ही तरी कायतरी बोला," ती नवऱ्याला म्हणाली.

रवींद्र बशीतला चहा संपवत होता. चाळीस वर्षं तो लूमचा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा कारागीर. शंभर मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे त्याला दोनच गोष्टी येत, खुणेनं बोलणं आणि गप्प राहणं. त्याने दुसरी निवडली.

विकीने सुटकेचा निःश्वास टाकला. "आई, अगं सात दावे आहेत. सगळे तुझ्या एका शब्दावर."

दावे म्हणजे काय हे वनिताला आता पाठ झालं होतं. पेटंट ही कागदावर आखलेली जमीन, आणि दावे हे तिच्या बांधावरचे दगड. दगड जिथे आहेत तिथपर्यंत आपलं, पलीकडे जगाचं. विकीची जमीन होती एका जाळीची. मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा तो टोकदार लाकडी तुकडा, कधी कधी वाट सोडून गोळीसारखा उडतो. विकीचा आजा कोंडू याचा डावा डोळा असाच गेला होता. मागापुढे लावायच्या जाळ्या पूर्वीही होत्या, पण त्या हाताने लावायच्या, हाताने काढायच्या, आणि मीटरवर मजुरी असलेला कामगार ते करत नसे. विकीने पॉलिटेक्निकला असताना आणि रवींद्रने लूमवर असताना मिळून अशी जाळी केली, की माग सुरू झाला की आपोआप वर आणि थांबला की आपोआप खाली. आज्याच्या आठवणीनं तिला नाव दिलं कोंडू जाळी. अर्ज केला, चार वर्षांनी पेटंट मिळालं, वस्तीनं पेढे वाटले. विकीने गाळा घेतला, भागीदार मिळाला...

आणि एका मोठ्या कंपनीनं तीच जाळी न विचारता बनवायला घेतली. विकीने नोटीस पाठवली. कंपनीनं उत्तरात पेटंटलाच आव्हान दिलं. सरकारी भाषेत त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे. टेमघरात त्याला फेरतपासणी म्हणत.

कंपनीचं म्हणणं एवढंच होतं, की ही जाळी अर्जाच्या आधीच जगजाहीर झाली होती. आणि जगाला आधीच दाखवलेल्या वस्तूचं पेटंट मिळत नाही.

जगाला कोणी दाखवली होती? तर वनितानं.

त्याचं असं झालं, की अर्जाच्या आदल्या वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत चित्ररथाचा विषय ठरला, 'आपल्या वस्तीतले संशोधक'. वस्तीत संशोधक एकच असल्यामुळे निवडीवरून वाद झाला नाही. भिवंडीत जयंतीचा चित्ररथ म्हणजे काही खोटंनाटं नसतं. मंडळानं दहाचाकी ट्रकवर अख्खा माग चढवला, रवींद्रनं तो नटबोल्टनं आवळला, डीजेच्या जनरेटरमधून त्याला वीज दिली, आणि महिला मंडळाची अध्यक्ष वनिता निळ्या काठाची पांढरी साडी नेसून माईक घेऊन ट्रकवर उभी राहिली. "हा बघा धोटा उडाला... आणि ही बघा जाळीनं झेलला! आता माग बंद... जाळी खाली!" विकीच्या वकिलानं पुढे अर्जाच्या नऊ पानांत जे सांगितलं, ते तिनं दोन मिनिटं चाळीस सेकंदांत, ढोलाच्या आवाजावर मात करून, टेमघर नाक्यापासून थेट मंडईपर्यंत सतरा वेळा सांगितलं. तिचा अपराध म्हणाल तर एवढाच... लेकाचं कौतुक तिच्या पोटात मावत नव्हतं. पेटंटसाठी वस्तू पोटात ठेवावी लागते हे तिला कोण सांगणार? ते तेव्हा विकीलाही ठाऊक नव्हतं. तो तर खाली गर्दीत उलट्या पावलांनी चालत स्वतः चित्रीकरण करत होता.

ते चित्रीकरण मंडळाच्या नावानं इंटरनेटवर चढलं, आणि जगानं ते पाहिलं. म्हणजे दोनशे अकरा जणांनी. दोनशे बारावा कंपनीचा वकील निघाला.

घाबरलेल्या विकीनं तोवर प्रतिज्ञापत्र देऊन टाकलं होतं, की ट्रकवरची जाळी हे थर्माकोलचं नुसतं सोंग होतं, आत काही यंत्रणा नव्हती. आता त्या सोंगावर माईक हातात घेतलेल्या बाईनं शपथेवर शिक्का मारायचा होता.

पेटंट कार्यालयाच्या व्हरांड्यात पाण्याच्या यंत्रापाशी वनिता पेला भरत होती, तेव्हा मागून हलक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "जय भीम, वैनी."

मिरवणुकीतला जनरेटरवाला पंढरी. नवा सदरा, पडलेला चेहरा.

"तू रे हितं कुठं?"

"त्या कंपनीवाल्यांनी आणलंय, वैनी. माग खरोखर चालत हुता का, येवढंच इचारणार हायत. डिझेलची पावतीपन हाय त्यांच्याकडं." त्यानं मान खाली घातली. "मी बोल्लो त्यांना, मना नका गुतवू. पन खोटं कसं बोलू, वैनी? तुमीच आमच्या पोरींना शिकवता..."

वनिताच्या हातातला पेला तसाच राहिला. क्षणभर तिला सगळं लख्ख दिसलं. आपण थर्माकोल म्हणणार, त्यानंतर पंढरी खरं सांगणार. दावे तर जाणारच... आणि मग विकीचा तो शपथेचा कागद वर येणार.

ती विकीच्या वकीलसाहेबांकडे गेली आणि आमटीत मीठ किती घालू असं विचारावं तसं तिनं विचारलं, "साहेब, समजा कोणी शाबीत केलं की जाळी खरीच होती, तर विकीच्या कागदाचं काय होईल?"

"खोटं प्रतिज्ञापत्र. फार वाईट गोष्ट, बाई. खटला होऊ शकतो, शिक्षाही. पोराचं नाव कायमचं खराब." वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "त्याला तेव्हा माहीत नव्हतं, कोणी चुकीची माहिती दिली, असं असतं तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही आहात ना. तुम्ही फक्त थर्माकोल म्हणा."

ती परत पंढरीजवळ गेली. "शूटिंग कोण करत होतं, हे इचारलंय का तुला?"

"न्हाय. मना काय ठावं? मी जनरेटरकडं बगत हुतो."

"बरं," ती म्हणाली. "पाणी पी."

आत गेल्यावर कंपनीच्या वकिलानं मोठ्या पडद्यावर चित्रीकरण लावलं. सात वर्षांपूर्वीची वनिता पडद्यावर हसत होती, थेट कॅमेऱ्याकडे, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून. तसं हसू आई एकाच माणसाकडे बघून हसते. पण हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

"बाई, ट्रकवर जी जाळी होती ती थर्माकोलची होती, असं तुमच्या मुलाचं म्हणणं आहे. बरोबर?"

वनितानं मागच्या खुर्चीवर बसलेल्या विकीकडे पाहिलं. त्याचे ओठ तो शब्द मुक्यानं म्हणत होते, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती विंगेतून त्याची वाक्यं म्हणायची तसे...

"न्हाय," ती म्हणाली. "जाळी खरी होती. लोखंडाची. माग चालू होता."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं आणि धाडकन मिटलं. तिनं मान वळवली नाही. आणि विकी बाहेर गेला हे एका परीनं बरंच झालं, कारण यापुढचं तो तिला बोलू देता ना.

"मग तुमचा मुलगा खोटं बोलला?"

"तो कसा बोलेल? तो नव्हताच तिथं. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेसाठी तो ठाण्याला मुक्कामाला होता. त्यानं मला बजावलेलं, आई, वस्तू कोणाला दाखवू नको. मी ऐकलं नाही. ट्रकवर चढवली. मग तो रागावेल म्हणून सांगितलं त्याला, की थर्माकोलची केली होती. आजपर्यंत तेच सांगत आले. त्यानं आईवर विश्वास ठेवला, येवढीच त्याची चूक."

"चित्रीकरण कोणी केलं?"

"भाड्याचा शूटिंगवाला होता."

"त्यात तुम्ही म्हणता, 'नीट दिसतंय ना, बाळा?' हा बाळा कोण?"

"मी सगळ्यांनाच बाळा म्हणते, साहेब. वेळ आली तर तुम्हालाही म्हणेन."

समोरचे अधिकारी किंचित हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

अशा रीतीनं सकाळभर एक खोटं नीट न जमलेल्या बाईनं दुपारी चार खोटी सफाईनं सांगितली. आईला उजळणी लागते ती लेकाच्या फायद्यासाठी. लेकाच्या बचावासाठी लागत नाही.

घरी आल्यावर विकी एवढंच म्हणाला, "एक शब्द होता, आई. एकच शब्द मागितला होता तुझ्याकडे."

आत शेवटपर्यंत बसलेल्या रवींद्रनं तोंड उघडलं. वनितानं त्याच्याकडे अशी काही नजर टाकली, की चाळीस वर्षं खुणांवर काढलेल्या त्या माणसाला तिचा अर्थ विचारावा लागला नाही. तोंड मिटलं. वकीलसाहेबांना तर तिनं येतानाच हात जोडून गप्प केलं होतं. विकीला खरं कळलं असतं तर तो तसाच उलट पावली जाऊन सांगून आला असता, की मीच होतो कॅमेऱ्यामागे. रागीट होता, पण इतका सरळ होता. घाबरून एकदा वाकला म्हणून काय सरळ लाकूड वाकडं म्हणायचं?

तीन महिन्यांनी निकाल आला. पहिले सहा दावे रद्द. सातवा तेवढा कायम. तो रबराच्या पट्टीचा होता, झेललेला धोटा परत उसळू नये म्हणून बसवलेल्या. ही पट्टी ट्रकनंतर सुचली होती, म्हणून वाचली. जाळी जगाची झाली, आणि कोंडूच्या नातवाच्या वाट्याला वीतभर रबर उरलं.

पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं. कंपनीला दिलेली नोटीस म्हणजे रद्दी झाली. भागीदाराला अचानक आपल्या प्रकृतीची आठवण झाली आणि त्यानं हात काढून घेतला. गाळा गेला. आणि ज्या वस्तूवर कोणाचाच हक्क उरत नाही, ती भिवंडीत किती वेगानं पसरते हे बघायला मिळालं. गल्लीगल्लीत जाळ्या बनू लागल्या. मजूर दुकानात जाऊन "वो कोंडू जाली दो" म्हणत, म्हणून बनवणाऱ्यांनी नावही तेच ठेवलं. एका डोळ्याचा कोंडू, ज्याचं नाव हजेरीपटाबाहेर कधी कुठे लागलं नव्हतं, तो कारखान्या-कारखान्यांत पोहोचला. रवींद्र कामावरून आला की बोटांनी आकडा दाखवायचा, आज चौदा माग, आज नऊ. वनिता मान हलवायची. तिला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाचीच अपराधासारखी टोचणी लागायची...

विकीनं जवळच्याच वळ गावातल्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझरची नोकरी धरली आणि तिथंच खोली घेतली. "जाण्यायेण्यात वेळ जातो," म्हणाला. टेमघर ते वळ, दुचाकीवर लागून लागून किती वेळ लागतो?

चौदा महिने. या चौदा महिन्यांत तो घरी दोनदा आला, दोन्ही वेळा ती विहारात असताना. धाकटी संघरत्ना दर बुधवारी स्कूटीवरून त्याला डबा नेऊन द्यायची. डबा रिकामा यायचा, पण घासूनपुसून, स्वच्छ धुऊन यायचा, आणि वनिता तो हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहायची. घरात असताना ज्यानं ताट कधी मोरीपर्यंत नेलं नाही, त्याचा धुतलेला डबा म्हणजे परक्याला परत केलेलं भांडं.

"जेवला का गं पोटभर?"

"जेवला."

"काय बोलला?"

"'आईला सांग, तिखट कमी घाल' म्हणाला." संघरत्ना असं दर बुधवारी एक वाक्य स्वतः तयार करून आणायची. वनिताला ते कळायचं. चौथ्या शिलाच्या या भंगाबद्दल तिनं मुलीला कधी टोकलं नाही.

वस्तीनं तर निकाल कधीच लावला होता. शेजारच्या शांताबाई नळावर म्हणत, "आपल्यात माईक बाईमाणसाला देऊ नये ते उगाच न्हाय. बाई बोलली नि पेटंट गेलं." मंडळानंही धडा घेतला, आता हळदीच्या गाण्याला माईक देतानाही सचिव विचारायचा, "यात काही पेटंटचं नाही ना?" वनिता ऐकून घ्यायची. आणि विहारातल्या रविवारच्या वर्गाला ती जाईनाशी झाली होती. वंदनेला मागच्या रांगेत बसायची. लोकांना वाटायचं, शरमेनं बसते.

अशाच एका रविवारी दुपारी ती ओटीवर सुपात सुकट निवडत बसली होती. दारात सावली पडली. तिनं वर पाहिलं नाही, कारण ती सावली तिला ओळखीची होती आणि वर पाहिल्यावर ती दुसऱ्या कोणाची निघाली तर काय, ही भीती होती.

"आई."

सुपातल्या सुकटीवर तिचा हात थांबला.

"ये," ती म्हणाली. "चप्पल बाहेर काढ, मघाशीच पुसलंय."

विकी आत आला. वाळला होता. हातात जाड कागदांचा गठ्ठा होता. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला, आणि चौदा महिन्यांनी भेटलेली मायलेकरं एकमेकांकडे बघायचं सोडून सुपाकडेच बघत राहिली.

"मालेगावचा एक जण आलाय," तो म्हणाला. "सातवा दावा वापरू दे म्हणतो. रबराची पट्टी. त्याला निकालाची पूर्ण प्रत पाहिजे होती. बेचाळीस पानं. मी काल गोदामात बसून एकेक पान स्कॅन करत होतो."

"बरं झालं की."

"मी हा निकाल कधी वाचलाच नव्हता, आई. शेवटचं पान तेवढं वाचलं होतं." त्यानं गठ्ठ्यातून एक पान काढलं. कोपरा दुमडलेला होता. "एकतिसावा परिच्छेद. तू वाचलायस?"

"मला कुठं इंग्रजी येतं?"

"मी सांगतो मराठीत." त्याचा आवाज गोदामातल्या हजेरीसारखा कोरडा होता. "'साक्षीदार, म्हणजे पेटंटधारकाची आई, शपथेवर सांगते, की त्या दिवशी पेटंटधारक परीक्षेसाठी ठाण्याला होता.' मी कुठं होतो, आई?"

ती सुकटीतला एक खडा उचलून बाजूला ठेवू लागली.

"मी ट्रकपुढे उलटा चालत होतो. एकदा गटारात पडता पडता वाचलो, तू माईकवरून ओरडलीस, 'मागं बघ.' ते मी नंतर कापून टाकलं, म्हणून चित्रीकरणात नाही. पुढे ऐक. 'तिने मुलाला खोटे सांगितले की वस्तू थर्माकोलची होती. मुलाने आईच्या सांगण्यावर विसंबून प्रतिज्ञापत्र केले. सबब ते असत्य असले तरी सद्‌भावनेने केलेले असल्याने पेटंटधारकाविरुद्ध पुढील कारवाईची आवश्यकता नाही.'" त्यानं बोट पुढच्या ओळीवर नेलं. "आणि मग एक ओळ आहे. 'साक्षीदार विश्वासार्ह वाटली.'"

"असं लिहिलंय?"

"हो."

"विश्वासार्ह?"

"हो, आई."

इतके दिवस जे अडवून धरलं होतं ते त्या एका शब्दानं फुटलं. वस्तीची बोलणी तिनं गिळली होती, धुतलेले डबे गिळले होते... पण आयुष्यभर खरं बोलून साठवलेली सगळी पुण्याई एका दुपारी खोट्यापायी खर्चावी, आणि सरकारनं त्याबद्दल लेखी शाबासकी द्यावी, हे तिला सोसलं नाही. ती पदरात तोंड घालून हमसाहमशी रडू लागली.

"म्हणून मी पोरांना शिकवायला जात न्हाय रे... चौथं शील म्हणायची वेळ आली की जीभ उचलत न्हाय. लोकांना वाटतं, दावे गेले म्हणून मी तोंड लपवते. दाव्यांचं मला काय! जाळी गेली ती कामगाराकडं गेली, ती काय चोरानं नेली? माझं जे गेलं ते एकतिसाव्या परिच्छेदात गेलं, बाळा..."

विकी सरकत पुढे आला आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. सूप कलंडलं, सुकट सांडली. तिच्या हाताला सुकटीचा वास होता, तरी तो हात तिनं त्याच्या केसांतून फिरवला आणि त्यानं फिरवू दिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गप बसला असतास?"

मांडीवरच त्याची मान नकारार्थी हलली.

दारात रवींद्र उभा होता. कधी आला होता कोण जाणे. "मी दीड वर्ष गप बसलो," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून बऱ्याच दिवसांनी निघालं होतं. "कठीन असतं. तुम्हाला वाटतं, याला सवय हाय."

विकी उठून बसला. डोळे पुसले. "मी लिहिणार आहे त्यांना."

"कोणाला?"

"पेटंट कार्यालयाला. कॅमेरा माझ्या हातात होता, प्रतिज्ञापत्र मी जाणूनबुजून खोटं केलं, आई मला वाचवायला खोटं बोलली. सगळं."

वनिताचे अश्रू जागच्या जागी थांबले. "येडा झालास का? मग मी उगाच केलं का सगळं?"

"मी वकीलसाहेबांना फोन केला होता. तेही असंच म्हणाले. मिटलेलं प्रकरण आहे, स्वतःहून गळ्यात दोर कशाला अडकवतोस. दंड होऊ शकतो, खटलाही. मालेगाववाला पळून जाईल. सातवा दावाही अडचणीत येईल."

"मग?"

"मग जाईल. वीतभर रबर आहे ते." त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "त्या दिवशी तू मला वाचवलंस, कारण मला वाचायचं होतं. आता मला तसं वाचायचं नाही, आई. तू मागच्या रांगेत बसायचं आणि मी सरळ माणूस म्हणून वळला हिंडायचं... ते माझ्याच्यानं होणार नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आईला लेकाचा हट्ट कळतो आणि लेकाचा निश्चयही कळतो. दोन्ही दिसायला सारखेच असतात, फक्त हट्ट करताना तो बापासारखा दिसायचा आणि आत्ता आज्यासारखा दिसत होता. सगळं आयुष्य तिनं ज्याच्यावर पांघरूण घातलं, तो आज पांघरूण बाजूला सारून उभा राहात होता, आणि थंडी वाजेल तर वाजू दे म्हणत होता. तिच्या काळजात कळ आली. आणि त्या कळेच्या मागोमाग, कितीतरी दिवसांनी, मोकळा श्वास आला.

"लिही," ती म्हणाली. "पण एकट्याचं नको. खाली माझी सही पाहिजे. खोटं दोघांनी केलं, तर खरं तू एकट्यानं कशाला करायचं?"

पत्र लिहायला संध्याकाळ गेली. विकीनं इंग्रजीत लिहिलं, संघरत्नानं व्याकरण तपासलं, वनितानं प्रत्येक वाक्य मराठीत करून घेतलं आणि एक खोडायला लावलं. त्यात त्यानं 'माझ्या आईने केवळ मायेपोटी' असं लिहिलं होतं. "सरकारला काय करायचंय माया? काय झालं ते लिही फक्त." शेवटी दोन सह्या झाल्या. शांताबाई मेथीची जुडी मागायला म्हणून आल्या, तासभर बसल्या, सगळं ऐकून गेल्या, आणि रात्रीची जेवणं उरकायच्या आत वस्तीत बातमी पोहोचली. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "वनिता, नळावर मी कायबाय बोल्ले असेन."

"बोललात."

"मंग उद्या त्याच नळावर उलटं बोलीन. पानी तर रोजच भरायचंय."

दुसऱ्या दिवशी सोमवार. मायलेकरं भिवंडीच्या पोस्टात गेली. स्पीड पोस्टच्या खिडकीपुढे रांग होती. वनितानं पाकीट पदराखाली धरलं होतं, जणू त्याला वारा लागेल. हे पाकीट पुढे सरकलं की काय येईल ते तिला माहीत नव्हतं. दंड येईल, बोलावणं येईल, काहीच येणार नाही... पण मनातली सगळ्यात मोठी धास्ती वेगळीच होती, आणि ती तिनं कोणालाच सांगितली नव्हती. काल रात्री तो घरी राहिला होता खरा, पण सकाळी त्यानं पिशवी खांद्याला लावली होती. पत्र टाकून झालं की तो तसाच वळला जाणार, ती रिक्षानं टेमघरला. खरं बोलल्यानं माणसाचं मन हलकं होतं, पण माणूस घरी येतोच असं नाही.

त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनाला लावलं, पत्ता टाइप केला आणि वर न बघता विचारलं, "पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिलेला नाही. कुठला टाकू?"

वनितानं विकीकडे पाहिलं. आता हा वळचा पत्ता सांगणार. गोदाम क्रमांक, गाळा क्रमांक...

"टेमघर," विकी म्हणाला. "बुद्ध विहारामागे, दुसरी गल्ली."

"उत्तर तिथंच यायचं ना? नाहीतर परत येतं हं पाकीट. घरी कोणीतरी पाहिजे घ्यायला."

"आई असते," विकी म्हणाला. मग पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, काउंटरवरच्या पेनशी चाळा करत म्हणाला, "आणि शिफ्ट सुटल्यावर मी असतो."

बाईंनी पावती फाडून दिली. वनितानं ती घडी घालून घेतली, आणि मागच्या माणसानं "मावशी, सरका की" म्हणेपर्यंत खिडकी सोडली नाही.